चेंबर नटाला मॅग्नेट लावावा का? आधी गिअरबॉक्सचं बोलू

प्रश्न असा आलाय. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ७८ हजार किलोमीटर झालेत, मालक पुण्याचे, महिन्यातून एकदा कोल्हापूरला गावी येतात. स्पेअरच्या दुकानदारानं त्यांना इंजिनचा मॅग्नेटवाला ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल सोडायचा नट, दाखवला, साडेआठशे रुपये, आणि सांगितलं इंजिनचं आयुष्य डबल होतंय. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला काही उपयोग नाही, पैसे पाण्यात. आणि मेव्हण्यानं स्वतःच्या गाडीला लावलाय, तो म्हणतो दर वेळी काढला की लोखंड निघतं, म्हणजे काम करतंय की. तर यातलं खरं कुणाचं?

मेव्हण्याचं. पण तो समजतोय त्या कारणासाठी नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला २६ वर्षं गॅरेजवर आहे, त्याआधी चार वर्षं एका मिस्त्रींच्या हाताखाली रॉकेलात नट-बोल्ट धूत होतो. या काळात मॅग्नेटवाले प्लग मी बसवलेत, काढून फेकलेत, लेथवाल्याकडून बनवूनही घेतलेत. थोडक्यात माझं म्हणणं असं की इंजिनला लावलात तर फायदा थोडा, गिअरबॉक्सला लावलात तर बराच, आणि कुठंही लावला तरी तो काढून बघायची सवय नसेल तर लावला काय न लावला काय सारखंच. गंमत म्हणजे गिअरबॉक्सचं मला आजवर कुणी विचारत नाही, सगळे इंजिनच्याच मागं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाडीच्या इंजिनखाली जी ऑइलची टाकी असते तिला आम्ही चेंबर म्हणतो, आणि ऑइल सोडायला तिच्या तळाला जो नट असतो तो चेंबर नट. मॅग्नेटवाला प्लग म्हणजे हाच नट, फक्त त्याच्या आतल्या टोकाला बोटाच्या पेराएवढा नाहीतर त्याहून लहान मॅग्नेट. ऑइलमधून लोखंडाचा कीस फिरत असतो तो त्याला चिकटतो, ऑइल बदलताना नट काढला की पुसून टाकायचा. कल्पना एकदम सरळ आहे आणि म्हणूनच ती पटकन विकली जाते.

पण ऑइल जातं कुठून ते बघा. चेंबरच्या तळातून जाळीतून पंप खेचतो, पंपातून ते आधी फिल्टरमध्ये जातं आणि फिल्टरमधून पुढं क्रँकच्या बेअरिंगला, कॅमला, वर हेडला. म्हणजे फिरून चेंबरमध्ये आलेला कीस पुन्हा बेअरिंगकडं जायच्या आधी फिल्टरच्या नाकासमोरून जातोच. मग मॅग्नेटसाठी उरतं काय? उरतं ते बारीक. चांगला फिल्टर साधारण २०-२५ मायक्रॉनच्या वरचं बहुतेक पकडतो, त्याच्या खालचं बरंच सोडून देतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड, यावरून अंदाज घ्या. आणि बेअरिंगमध्ये लोड आल्यावर ऑइलचा जो पापुद्रा राहतो तो असतो दोन-चार मायक्रॉनचा, कधी त्याहून कमी, म्हणजे ५ ते २० मायक्रॉनचा दाणा फिल्टरमधून सहज निसटतो पण बेअरिंगला ओरखडा काढायला पुरेसा असतो. शिवाय सकाळी थंड इंजिन चालू केलं की ऑइल घट्ट असतं, फिल्टर तुंबला असेल तर आणखीच, तेव्हा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि काही वेळ ऑइल न गाळताच पुढं जातं. इथं मॅग्नेटच्या बाजूनं बोलायला जागा आहे, कारण मॅग्नेटला फिल्टरसारखं छिद्राच्या साइजचं बंधन नाही, बारीक दाणाही अगदी जवळून गेला तर तो ओढू शकतो.

जवळून गेला तर, हे महत्त्वाचं. मॅग्नेटची ओढ अंतराबरोबर फार झपाट्यानं कमी होते, खिळा हातात धरून करून बघा, बोटभर लांब धरला की काही नाही, अजून जवळ नेला की हातातून सुटतो. चेंबरमधलं तीन-साडेतीन लिटर ऑइल पंप मिनिटाला कितीतरी वेळा फिरवतो आणि त्यातलं फार थोडं त्या नटाच्या टोकाजवळून जातं. त्यामुळं मॅग्नेट जमा करतो हे खरं, पण सगळं जमा करतो असं नाही.

आणि लोखंडच पकडतो. इंजिनमध्ये लोखंड कुठं कुठं आहे, तर लायनर, रिंगा, क्रँक, कॅम, टायमिंग चेन, ऑइल पंपाचे गिअर. लोखंड कुठं नाही, तर पिस्टन ॲल्युमिनियमचा, हेड ॲल्युमिनियमचं, आणि बेअरिंगचा घासणारा थर कथील, शिसं, तांबं नाहीतर ॲल्युमिनियमचा. म्हणजे इंजिनमध्ये सगळ्यात महाग नुकसान जिथं सुरू होतं, त्या बेअरिंगचा चुरा मॅग्नेटला दिसतच नाही. काजळी चिकटत नाही. धूळ चिकटत नाही.

धुळीचं जरा थांबून सांगतो. लहानपणी फुटक्या स्पीकरचा मॅग्नेट दोरीला बांधून अंगणातल्या मातीतून ओढत फिरलेले इथं बरेच जण असतील, त्याला काळी बारीक रेती चिकटायची, आठवतंय? आपल्याकडचा काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, ती तीच रेती. तर आपल्या रस्त्यावरची धूळ एअर फिल्टर फाटका असल्यामुळं इंजिनात गेली तर तिच्यातला थोडा भाग मॅग्नेटला चिकटूही शकतो, म्हणून नटावर दिसलेलं सगळं काळं इंजिनच्या झिजेचंच असं छातीठोक म्हणता येत नाही. पण धुळीतला जो खरा कडक भाग, क्वार्ट्झ वगैरे, तो मॅग्नेटला ओळखत नाही आणि रिंगा-लायनर खातो तो हाच. ऊस सीझनला आमच्याकडं रस्त्यावर जी धूळ असते त्यात एअर फिल्टर झटकून झटकून दोन वर्षं चालवणारे लोक आहेत, आणि तेच लोक मॅग्नेट प्लग बसवायचा का विचारतात. आधी तीन-चारशेचा फिल्टर बदला, मग बोलू.

त्यामुळं आयुष्य डबल हे दुकानदाराचं गणित मला कधीच जुळलेलं नाही. वेळेवर बदललेलं ऑइल, बरा फिल्टर आणि व्यवस्थित बसलेला एअर फिल्टर एवढं असेल तर साधा नट असलेली इंजिनं अडीच-तीन लाख किलोमीटर न खोलता गेलेली मी पाहिलीत, टॅक्सीवाल्यांना विचारा. लोखंडाचे बारीक कण ऑइल लवकर सडवतात हे खरंय, म्हणजे ऑइल हवेशी मिसळून खराब होतं त्याला लोखंड आणि तांबं दोन्ही हातभार लावतात, त्यामुळं थोडं लोखंड बाजूला पडलं तर वाईट काहीच नाही. पण त्यानं दहा हजारचं ऑइल वीस हजार चालवायची परवानगी मिळत नाही.

आता गिअरबॉक्स. मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत फिल्टर नावाची गोष्टच नसते. दोन लिटरच्या आसपास ऑइल, त्यात गिअर बुडालेले, फिरताना तेच ऑइल वर उडवतात आणि त्यावर सगळं चालतं. दात एकमेकांवर घासून जो कीस निघतो तो जाणार कुठं, तिथंच फिरत राहतो, बेअरिंगच्या रोलरमध्ये जातो, पुन्हा दातांमध्ये येतो. जीप टाईप गाड्यांच्या मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्राउन-पिनियन गिअरचं, तेच. इथं मॅग्नेट हाच एकुलता एक फिल्टर. म्हणूनच कंपन्या इथं स्वतःच मॅग्नेट देतात, कुणी प्लगमध्ये, कुणी आत केसिंगच्या कोपऱ्यात, होंडाच्या बऱ्याच गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग मुळातच मॅग्नेटवाला येतो. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटीच्या पॅनमध्ये गोल चकत्यांसारखे मॅग्नेट असतात, फ्लुइड बदलताना पॅन उतरवला तर ते पुसून परत जागेवर ठेवायचे असतात, आणि काही ठिकाणी पॅन उतरवतच नाहीत, नुसतं फ्लुइड सोडून भरतात, त्यामुळं मॅग्नेटवर तो गाळ तसाच. एएमटी, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप पडणारी गाडी, आतून मॅन्युअलच, त्यामुळं तिला मॅन्युअलचाच नियम.

एक उदाहरण सांगतो. एक पिकअप गाडी, भाजी भरून गगनबावड्याच्या घाटातून खाली कोकणात जाणारी, रोजची. तिच्या गिअरबॉक्सला मी मॅग्नेटचा प्लग बसवला होता कारण मूळचा नट गोल झालेला, नवा घालायचाच होता तर म्हटलं हा घालू. पहिल्या वेळी काढला तेव्हा टोकावर काळसर राखाडी लगदा, बोटावर घेतला तर काजळासारखा मऊ. हे अगदी नॉर्मल. पुढच्या वेळी तोच लगदा, पण पुसताना फडक्याला काहीतरी अडकलं. लगदा डिझेलमध्ये धुतला, पांढऱ्या कागदावर ठेवला, खालून मॅग्नेट फिरवला तर एक तुकडा उठून उभा राहिला, तांदळाच्या कणीएवढा. एक बाजू गुळगुळीत, गोलसर, आणि दुसरी बाजू खडबडीत, चकचकीत, साखरेच्या खड्यासारखी दाणेदार. गुळगुळीत बाजू म्हणजे दाताचा मूळचा पृष्ठभाग आणि दाणेदार बाजू म्हणजे तिथून तो तुटलाय. म्हणजे झिजलेला कीस नव्हे, दाताचा कोपरा.

मालक म्हणाला आवाज नाही काही नाही, गिअर मस्त पडतात, कशाला खोलताय. मी ड्रायव्हरकडं बघितलं आणि विचारलं, रिव्हर्स गाडी थांबायच्या आत टाकतोस काय रे? तो खाली बघायला लागला. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडायच्या आधी दोन्हींचा वेग जुळवणारी रिंग, नसते, गाडी पुढं ढकलत असताना टाकला की दात दातावर आपटतो आणि कोपरे उडतात. खोललं तर रिव्हर्सच्या गिअरचे तीन दात कोपऱ्याला खाल्लेले, बाकी सगळं ठीक, बेअरिंग स्वच्छ. तो गिअर आणि त्याला उलटा फिरवणारा मधला गिअर, आयडलर, बदलला, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. तो तुकडा मॅग्नेटवर नसता तर फिरत फिरत बेअरिंगमध्ये गेला असता आणि मग केसिंगपर्यंत हिशोब गेला असता. तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, नवीन पोरांना दाखवायला.

आता याच्या उलटं. एक पेट्रोल गाडी, मालक हौशी, इंजिनला महागातला मॅग्नेट प्लग, दर सर्व्हिसला फोटो काढून ठेवायचा. मॅग्नेटवर जेमतेम लगदा, त्याला अभिमान. एक दिवस गाडी टो करून आली, खालून ठक ठक, ऑइल लेव्हल पट्टीच्या टोकालाही लागत नव्हती. नट काढला, मॅग्नेटवर नेहमीएवढाच लगदा. फिल्टर कापला तर कागदाच्या घड्यांत चंदेरी आणि तांबूस पापुद्रे, मिठाईवरच्या वर्खासारखे चमकणारे. बेअरिंग गेलेलं. मॅग्नेटनं एक अक्षर सांगितलं नाही, कारण ते त्याच्या भाषेतलं नव्हतंच. ऑइलची पट्टी महिन्याला एकदा ओढून बघितली असती तर फुकटात कळलं असतं.

तर मेव्हण्याचं म्हणणं खरं का, तर तो दर वेळी बघतो म्हणून. मॅग्नेट ऑइल साफ करतो त्यापेक्षा चुगली करतो, हे त्याचं खरं काम. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये असे मॅग्नेटचे प्लग असतात, त्यांना चिप डिटेक्टर म्हणतात, दोन टोकांमध्ये लोखंडाचा तुकडा चिकटला की सर्किट पूर्ण होतं आणि पायलटसमोर दिवा लागतो. तिथं कुणी म्हणत नाही की यानं ऑइल साफ होतं, दिवा लागला की ते उतरायची जागा बघतात. आपल्या गाडीत दिवा नाही, आपले डोळेच दिवा, आणि तेही ऑइल बदलतानाच.

बघायचं कसं? नट काढल्या काढल्या पुसायचा नाही, ही पहिली चूक सगळे करतात, पोऱ्या फडकं मारतो आणि पुरावा गेला. आधी उजेडात धरा. मऊ लगदा, केसाळ, साळिंदरासारखे बारीक काटे उभे राहिलेले दिसले तरी चिमटीत चोळल्यावर मऊच लागत असेल तर काळजी नाही. चोळताना खरखर लागली, बारीक सुया किंवा खवले दिसले तर ऑइल भरून पाचशे-हजार किलोमीटरनं परत काढून बघायचं, कमी झालंय का वाढलंय. डोळ्याला दिसणारा, कडा असलेला तुकडा आला तर थांबायचं. नवीन गाडीचं पहिलं ऑइल किंवा बोअर-रिंगा करून आलेल्या इंजिनचं पहिलं ऑइल असेल तर मात्र लगदा भरपूर येतो, बसताना ते सोडतंच, तेव्हा घाबरून कुणाला फोन करू नका. खरं तर मॅग्नेटला सगळ्यात जास्त काम याच काळात असतं, काम केलेल्या इंजिनला मी पहिल्या हजार किलोमीटरला मॅग्नेटचा नट आवर्जून घालतो. आणि एकदाच्या बघण्याला अर्थ कमी, तीन-चार वेळचे फोटो शेजारी ठेवले की कळतं.

गिअरबॉक्सचं ऑइल सोनेरी चमकत असेल, रांगोळीतल्या जरीसारखं, तर ती पितळी सिंक्रो रिंगांची पूड, मॅग्नेटवर ती मिळणार नाही, ऑइल पारदर्शक बरणीत घेऊन उन्हात धरा.

प्लग विकत घेताना काय बघायचं ते आता, कारण बाजारात कचरा फार आहे. बहुतेक प्लगमध्ये निओडिमियमचा मॅग्नेट असतो, तो थंडीत पैलवान, पण त्याची साधी जात ८० डिग्रीपर्यंतच भरवशाची. इंजिन ऑइल घाटात १००-११० ला सहज जातं. त्यापेक्षा वरच्या जाती १२०, १५०, १८० डिग्रीच्या मिळतात, समॅरियम कोबाल्ट आणि अल्निको तर त्याहून वर टिकतात, पण डब्यावर हे कुणी लिहीत नाही. मी सोपा प्रकार करतो. नवा प्लग आणला की त्यानं किती वजन उचलतंय ते बघतो, आमच्याकडं पान्यांचा सेट आहेच, कितीचा पाना उचलला ते लक्षात ठेवायचं. मग पातेल्यात पाणी उकळून प्लग अर्धा तास त्यात. थंड झाल्यावर तोच पाना परत. नाही उचलला की तो प्लग त्या पाण्यासकट गटारात. घरच्या पातेल्यात करू नका, बोलणी बसतात, अनुभव आहे.

दुसरं, मॅग्नेट बसवलाय कसा. नुसता चिकटवलेला असेल तर लांब राहा. ऑइल, गरमी आणि व्हायब्रेशनमध्ये ग्लू सुटतो आणि निओडिमियम ठिसूळ असतो, पडला की फुटतो. इंजिनमध्ये सुटला तर बहुतेक वेळा जाळीच्या खाली चेंबरमध्ये पडून राहतो, चेंबर खोलला की निघतो, पण गिअरबॉक्समध्ये सुटला तर सरळ दातांत. नटाच्या बॉडीत खोल दाबून, कड वळवून बसवलेला घ्या. पकडीनं धरून जोरात ओढा, दुकानदार बघत असला तरी ओढा.

तिसरं, लांबी. आत फार घुसणारा मॅग्नेट असेल तर काही चेंबरमध्ये तो आतल्या पत्र्याला नाहीतर जाळीच्या पाइपला लागतो, आणि गिअरबॉक्समध्ये गिअरला लागला तर काय होईल ते सांगायला नको. जुना नट शेजारी धरून बघा, चार-पाच मिलिमीटर जास्त चालतो, बोटभर नाही. चौथं, लाल-निळे रंगीत ॲल्युमिनियमचे प्लग दिसायला भारी, पण त्यांचं डोकं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोल होतं, स्टीलचाच घ्या.

आता जी गोष्ट मॅग्नेटपेक्षा जास्त गाड्यांना भोवते, ती म्हणजे आटे. मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्या, ह्युंदाई, होंडा यांना चौदा एमएमला दीडचा आटा असतो, म्हणजे नट चौदा एमएम जाड आणि दोन आट्यांमधलं अंतर दीड एमएम, टोयोटाला बऱ्याच ठिकाणी बारा एमएमला सव्वाचा. चौदाला दीड आणि चौदाला सव्वा असे दोन नट शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळत नाही, दोन फेरे हातानं जातो आणि मग पाना लावून दामटलं की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे साफ. मागच्या वर्षी असाच एक जण आला होता, ऑनलाइन मागवलेला मॅग्नेट प्लग स्वतःच बसवलेला, ऑइल थेंब थेंब गळतंय म्हणून त्यानं त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळलेला आणि वरून एम-सील. शेवटी चेंबर उतरवून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, टाकावे लागले, प्लगच्या किमतीच्या तिप्पट तिथंच गेले, वर नवं भरलेलं ऑइल वाया. नवा नट शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी जायला पाहिजे, मध्ये अडला तर तो तुमचा नट नाही. वायसर प्रत्येक वेळी नवा, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा जो मूळचा असेल तो, दहा-वीस रुपयांची चीज आहे. टाइट किती, तर बहुतेक कारला ३० ते ४० न्यूटन मीटर, म्हणजे साध्या रिंग पान्यानं एका हाताचा जोर. पान्याला पाइप लावून लोंबकळायचं नाही.

आणि गिअरबॉक्सचं ऑइल सोडताना आधी वरचा भरायचा नट उघडतोय का बघा, मगच खालचा काढा. खालून ऑइल सोडून बसलेले आणि वरचा जाम झालेला असे लोक मला फोन करतात, रविवारी.

बाइकवाल्यांसाठी दोन शब्द, कारण तिथं हिशोब बदलतो. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये, म्हणजे गिअरचा कीसही त्याच लिटरभर ऑइलमध्ये. त्यात स्प्लेंडरसारख्या गाडीला कागदाचा फिल्टर नसतो, एक जाळी आणि फिरून गाळ बाजूला फेकणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर, बस्स. अशा गाडीला चांगला मॅग्नेटचा नट मी कारच्या इंजिनपेक्षा आधी सांगेन. ट्रॅक्टरला तर नक्कीच, तिथं बऱ्याच मॉडेलमध्ये गिअर, हाउसिंग आणि हायड्रॉलिक एकाच ऑइलवर चालतं, ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना जो कीस निघतो तो हायड्रॉलिकच्या पंपात गेला की लिफ्ट गेली.

काही जण विचारतात स्पीकरचा मॅग्नेट फिल्टरला बाहेरून चिकटवला तर चालेल का. चालेल, पत्र्याच्या डब्यातून ओढ कमी होते पण थोडं काम होतं, फुकटचं आहे, फक्त स्पीड ब्रेकरवर पडला तर मागच्या गाडीवाल्याच्या शिव्या खायच्या. प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये कागदी एलिमेंट असेल तर विसरा. त्यापेक्षा जुना फिल्टर कापून बघायची सवय लावा, फिल्टर मॅग्नेटपेक्षा जास्त बोलतो, त्यात सगळे धातू सापडतात. फक्त करवतीनं कापू नका, करवतीचाच लोखंडी कीस आत पडतो आणि मग इंजिन गेलं म्हणून रडत बसता. कटर मिळतो, नाहीतर पत्र्याची कड घासून झाकण उचकटा.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर वॉरंटीचा प्रश्न आता उरलेला नसावा, ज्यांची वॉरंटी चालू आहे त्यांनी बाहेरचा नट घालायच्या आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावं, नाहीतर कंपनीचाच ठेवावा. ७८ हजारला गिअर ऑइल कधी बदललंय का? बहुतेक नसेल, बिलं काढून बघा. साडेआठशे रुपये खर्चच करायचे तर ते आधी गिअर ऑइलमध्ये घाला, आणि ऑइल सोडताना स्वतः उभे राहा, प्लगला कंपनीचा मॅग्नेट आहे का बघा. असेल तर फोटो काढून पुसून परत लावा, नसेल तर तो नट घेऊन दुकानात जा आणि त्याच आट्याचा, तेवढ्याच लांबीचा मॅग्नेटवाला घ्या, तोवर गाडी वर चढवलेली राहू दे. इंजिनचा नंतर, पुढच्या ऑइलला, हौस असेल तर. आणि दुकानात जाताना वायसरही दोन जादा आणा, एक खाली पडून घरंगळत कुठंतरी जातोच.